‘न घेणाऱ्या’ गिऱ्हाइकाकडून

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला कन्सोलचा, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायच्या मशीनचा, तक्ता पाहिला. मशीन बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे नव्हेत, तर बाहेरच्या कंपन्यांचे गेम कुठल्या मशीनवर किती खपले, त्याचे आकडे आणि खाली निकाल: निन्टेंडोची मशीन वापरणारे दुसऱ्या कंपन्यांचे गेम घेतच नाहीत. हे वाचून रात्रभर चीड गेली नाही.

मुलगी दहावी झाली तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून तिला निन्टेंडोचं ‘स्विच’ हे मशीन आणलं. कंपनी इथे अधिकृतपणे विकत नव्हती, त्यामुळे वॉरंटी दुकानदार तोंडाने देईल तीच. सोबत फुटबॉलचा गेम घेतला, बाहेरच्याच एका बड्या कंपनीचा, साडेतीन हजारांना. ठाण्याला तिच्या मावसभावाकडे तोच गेम सोनीच्या प्लेस्टेशनवर होता. नाव तेच, किंमतही जवळपास तीच. पण त्याच्याकडे खेळायचा एक नवा प्रकार होता, तो आमच्याकडे सापडेना. पोरीला वाटलं अपडेट राहिलंय, म्हणून तिने रात्रभर वायफाय चालू ठेवलं. सकाळी पाहतो तर जैसे थे. आदल्या वर्षीचाच गेम, वर नव्या जर्सी आणि खेळाडूंची नवी यादी. आठवड्याने दुकानदाराने तो पंधराशेला परत घेतला. पुढच्या वर्षी तिने त्या गेमचं नावही काढलं नाही. तुमच्या तक्त्यात ‘न घेणारे’ आहेत ते हे आम्ही.

निकाल देण्याआधी मशीन किती विकली गेली होती, तेही बघायला हवं होतं. कॅपकॉम या बाहेरच्या कंपनीचा ‘रेसिडेंट एव्हिल ४’ हा गेम घ्या. २००५ च्या जानेवारीत तो निन्टेंडोच्या गेमक्यूबवर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन २ वर. गेमक्यूबवर सुमारे १६ लाख खपला, प्लेस्टेशनवर २३ लाख. तुमच्या हिशेबाने प्लेस्टेशन जिंकलं. पण गेमक्यूब जगभरात विकले गेले जेमतेम २ कोटी १७ लाख आणि प्लेस्टेशन २ तब्बल १५ कोटींच्या वर. म्हणजे शंभर गेमक्यूबमागे सात जणांनी तो घेतला, तिकडे शंभरात दोघांनीही नाही. चांगला गेम वेळेत दिला तर गिऱ्हाईक घेतं. ‘द विचर ३’ प्लेस्टेशन ४ वर २०१५ ला आला, स्विचवर २०१९ ला. चार वर्षं कोण थांबणार? ज्यांना हवा होता त्यांतल्या कितीतरी जणांनी तोवर दुसरीकडे खेळून संपवला होता. या दोन मशीनचे आकडे शेजारी शेजारी मांडून गिऱ्हाइकाची आवड कशी कळणार?

तक्त्याबरोबर प्रत्येक मशीनची एकूण विक्री आणि तो गेम तिथे कधी आला ती तारीख, एवढे दोन रकाने वाढवून पुढच्या रविवारी पुन्हा छापा, ही विनंती. आणि एकाच तक्त्यात अर्धे आकडे मिलियनमध्ये, अर्धे लाखांत का? मी पेन्सिल घेऊन शून्यं मोजत बसले होते. गेल्या महिन्यात पावसाच्या आकड्यांतही इंच आणि मिलिमीटर असेच मिसळले होते.

आपली,
एक वाचक, परळ