गोष्टींच्या बैठकीला पाहुणे नकोत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन जवळ आला, की आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या मुलांना 'बोलतं करण्याचे' बेत आखले जातात. हेतू चांगला असतो. पण पहिल्याच दिवशी माइक, बॅनर आणि प्रमुख पाहुणे येतात आणि मुलं पाठ केलेलं बोलून मोकळी होतात. मन हलकं करणारी बैठक वेगळी असते. ती कशी चालते, हे लिहावंसं वाटलं.

एका बैठकीत मुलं आठ ते बारा. संख्या पंधराच्या वर गेली की शेवटच्या चौघांची पाळीच येत नाही. पंधरा-सोळा वर्षांची मुलं आणि कॉलेजातली मुलं एकत्र बसवू नयेत, मुलींची बैठक निदान सुरुवातीला वेगळी असावी. दर पंधरवड्याला, ठरलेल्या वारी, दीड तास. सगळे जमिनीवर, चालवणाऱ्यालाही खुर्ची नाही. गृहपाल किंवा अधीक्षक खोलीत नकोत, ते कितीही प्रेमळ असले तरी. हजेरी आणि रजा त्यांच्याच हातात असते.

चालवणारे दोघं हवेत, त्यातल्या एकाला मुलांची बोली यायलाच हवी. पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला 'मराठीत सांग' म्हटलं की तो दोन वाक्यांत आटपतो. त्याला त्याच्या बोलीत पुरतं सांगू द्यावं. ज्यांना कळलं नाही त्यांना शेजारच्याने मागाहून थोडक्यात सांगावं.

सगळ्यात मोठी चूक पहिल्या प्रश्नात होते: 'मनात काय आहे ते सांगा.' मुलं माना खाली घालतात, नाहीतर एखादं रडू लागतं आणि बाकीची घाबरतात. पुढच्या वेळी निम्मी येत नाहीत. पहिल्या चार बैठकींत स्वतःचं काहीच विचारू नये. पाड्याचं नाव कसं पडलं, शेतांना काय म्हणतात, वाघबारशीला आजी वाघाचं काय सांगते, इथून सुरू करावं. एखाद्या बैठकीला जाणत्या माणसाला बोलवावं. कोकणा या आदिवासी समाजातला कथेकरी पितळी थाळीवर मेणाने काडी चिकटवतो, तिच्यावरून बोटं ओढत सूर धरतो आणि त्या सुरावर कथा लावतो. हे ऐकलेलं मूल आपल्या आजोबांचं काही ना काही सांगतंच. त्या माणसाला शाल-श्रीफळावर वाटेला लावू नये. शहरातल्या व्याख्यात्याला देतो तेवढं मानधन आणि गाडीभाडं त्यालाही द्यावं.

कॅनडातल्या आदिवासींच्या बैठकींत काठी किंवा पीस हातोहात फिरतं, ज्याच्या हाती ते असेल तोच बोलतो. इथे नदीतला गोटाही चालतो. न बोलता तो पुढे देता आला पाहिजे, सलग पाच वेळा दिला तरी कोणी टोकू नये. चालवणाऱ्याने उपदेश करू नये आणि 'मग तू असं का केलंस?' हेही विचारू नये. शिक्षकांना हे फार जड जातं.

'इथलं बाहेर जाणार नाही' असं सरसकट वचन मात्र देऊ नये. पोक्सो कायदा, २०१२च्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली, की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगावं, मागाहून कळलं तर मुलाला विश्वासघात वाटतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हे क्रमांक भिंतीवर असावेत. पण कोणी जीव देण्याची भाषा केली तर क्रमांक हाती देऊन निघून जायचं नसतं. शेजारी बसून फोन लावून द्यायचा आणि त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही.

फोन खोलीबाहेर, गोष्टींचं रेकॉर्डिंग नको. घरातून आलेली गोष्ट त्या घराची असते, पूजेत सांगायची कथा तर नोंदवायचीच नसते.

शेवटची पंधरा मिनिटं मोकळी ठेवावीत: चहा, एखादं गाणं, अंगणात फेर. जड बोलणं झाल्यावर मुलांना थेट अंथरुणात धाडलं तर ते रात्रभर डोक्यात फिरतं. म्हणून बैठक रविवारी दुपारी बरी.

सुरुवात जुलैत व्हावी. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची हजेरी तुटते. तोवर सात-आठ बैठका झालेल्या असल्या तर परतलेलं मूल पुन्हा येऊन बसतं. 'कुठे होतास?' म्हणून त्याला सगळ्यांसमोर विचारू नये.

आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला अहवाल हवाच असेल तर तारीख, हजर मुलांची संख्या आणि चहा-मानधनाचा खर्च एवढाच मागावा. फोटो मागितला की पुढच्या बैठकीला बॅनर येतो आणि बॅनरमागोमाग पाहुणे.

आपले,
आदिवासी मुलांबरोबर काम करणारे काही कार्यकर्ते