हौद्याखालचं मीठ

ठाणे,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो रात्री दोन-तीनदा मोठे करून पाहिले. मुरबाडच्या शेतावरची पिकअप घणसोलीच्या अंगणात आली याचा मला फार आनंद आहे. पण तू लिहिलंयस की आधी इंजिन सुरू करायचं, मग रंग, आणि बाकीचं हळूहळू. हा क्रम उलटा आहे, म्हणून हे लांब पत्र.

या गाडीने वर्षानुवर्षं खताच्या गोण्या वाहिल्या. गोणी फाटते, दाणे हौद्याच्या, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागाच्या, पत्र्याच्या सांध्यात जातात, तिथून खालच्या आडव्या पट्ट्यांत. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. ते हवेतला ओलावा ओढतं आणि पत्रा कधी पूर्ण वाळूच देत नाही. त्यात आता गाडी खाडीपासून हाकेच्या अंतरावर आलीय. मुरबाडच्या हवेत दहा वर्षांत जेवढं खाल्लं गेलं असतं तेवढं इथे फार लवकर खाल्लं जाईल. म्हणून पहिलं काम पाण्याचं. हौदा काढ, चासीवरून, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, पूर्ण उचलून खाली घे, आणि प्रेशर पंपाने गोड्या पाण्याने धू. एकदा नाही, तीन-चारदा, मधे पूर्ण वाळू देऊन. चासीच्या बंद भागांत नळी घालून पाणी दुसऱ्या टोकाने स्वच्छ येईपर्यंत सोड. मीठ गेलं की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे: घासून चकचकीत केलेला पत्रा रात्रभर आडोशाला ठेव. सकाळी सगळीकडे सारखा हलका तांबूसपणा आला तर ती नुसती दमट हवा. पण ठिपक्याठिपक्यांनी काळसर, ओलसर गंज फुटला तर तिथे मीठ शिल्लक आहे. त्यावर प्रायमर मारलास तर सहा महिन्यांत फुगे येतील आणि दोष रंगाला दिला जाईल.

धुण्याच्याही आधी एक गोष्ट कर. चासी नंबर शोध, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीची छाप घे, स्पष्ट फोटो काढ आणि त्या जागेवर ग्रीस लावून चिकटपट्टी मार. ग्राइंडर चालवणाऱ्या माणसाला बोटाने ती जागा दाखव. नंबर घासला गेला तर आरटीओत गाडी तुझीच आहे हे पटवताना नाकी नऊ येतील. इंजिन नंबरचंही तसंच. आरसी बुकवरचे दोन्ही नंबर आत्ताच जुळवून बघ. नोंदणीची मुदत बघ आणि गाडी मालवाहू म्हणून नोंदली आहे की खासगी, तेही बघ. मालवाहू असेल तर या वयाच्या गाडीला दरवर्षी फिटनेसचा दाखला लागेल. खासगी असेल तर १५ वर्षांनंतर फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढते, आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. रंग बदलायचा बेत असेल तर तो आरसीत नोंदवावा लागतो. माझं मत विचारशील तर मूळ रंगच ठेव.

आता खोलणं. ही जीपच्या चासीवरची गाडी, पण इंजिन पूज्योचं २११२ सीसीचं डिझेल. त्यामुळे चासीवरचे बहुतेक नटबोल्ट इंची आणि इंजिनावरचे मिलीमीटरचे. अर्ध्या इंचाचा बोल्ट १२.७ मिलीमीटरचा असतो, त्याला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेल्या बोल्टावर जोर लावला की कोपरे गोल होतात. दोन्ही मापांचे पाने वेगळ्या डब्यांत ठेव. डाव्या बाजूच्या चाकांचे नट सोडवण्याआधी स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर आहे का बघ. असेल तर आटे उलटे आहेत, आणि तू ज्याला सोडवणं समजशील ते आवळणं असेल. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर निम्मं काम रात्रीच होतं. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर मार्करने नाव. वायर कापण्याआधी प्रत्येकीला कागदी पट्टी लाव.

लहान भागांच्या गंजासाठी अंगणात दोन पिंपं ठेव. एकात मळी, म्हणजे साखर कारखान्याची काकवीसारखी काळी, जी गुरांच्या खाद्यात घालतात ती. एक भाग मळी, नऊ भाग पाणी. बिजागऱ्या, साखळ्या, फाळक्याच्या कड्या त्यात एक-दोन आठवडे बुडवून ठेवल्या की गंज मऊ होऊन ब्रशने निघतो, मूळ लोखंडाला धक्का नाही. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांग आणि झाकण लाव. ॲल्युमिनियमचं काहीही त्यात टाकू नकोस, खाल्लं जातं.

दुसऱ्या पिंपात विजेचं काम. पिंप प्लास्टिकचंच हवं. दर दहा लिटर पाण्याला दोन-अडीच मोठे चमचे धुण्याचा सोडा. चार्जरचा ऋण चिमटा गंजलेल्या भागाला, धन चिमटा लोखंडाच्या फालतू पट्टीला, आणि दोन्ही एकमेकांना चिकटता कामा नयेत. उलटं जोडलंस तर तुझा भागच विरघळेल. पट्टी स्टेनलेसची कधीही नको, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. हल्लीचे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी नाही असं समजून बंद पडतात, म्हणून जुना साधा चार्जर मिळव. यातून हायड्रोजन निघतो. हे काम उघड्यावरच, आणि चिमटे काढण्याआधी स्विच बंद. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि कडक पोलादाचे बोल्ट यात घालू नकोस, हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतात.

चासीकडे जास्त वेळ दे. छोट्या हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. पाट्यांचे ब्रॅकेट, हौद्याच्या आडव्या पट्ट्यांचे जोड आणि जिथे चासीवर दुसरा पत्रा बसवलाय तिथे आधी बघ, कारण दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकतं. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर तो भाग कापायचाच, वरून पत्रा डकवून झाकायचा नाही. चासीवर पट्टी लावायची वेळ आली तर तिची टोकं शंकरपाळ्यासारखी तिरकी काप. सरळ उभी शिलाई मारली तर चासी नेमकी त्या रेषेवर तडकते, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथे जमा होतो. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या कडेवर आडवं वेल्डिंग करू देऊ नकोस. हे काम रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या जाणत्या वेल्डरकडून करून घे, तू शेजारी उभी राहा. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही आधी सोड.

केबिनचा पत्रा साधारण एक मिलीमीटरचा. त्यावर साधी वेल्डिंगची कांडी चालवली की भोकं पडतात. मिग मशीन (बारीक वायरीने वेल्डिंग करणारं), ०.८ मिमी वायर, आणि इंचभर अंतरावर नुसते टाके. एक टाका इथे, पुढचा लांब तिकडे, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. मधली अंतरं थंड झाल्यावर भर. जस्ताचा पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नकोस, त्याने ताप येतो.

आता ब्रेक. इंजिनाआधी ब्रेक, हे मी तुला बजावून सांगतोय. चाललेली गाडी थांबत नसेल तर ती न चाललेली बरी. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम उघडलास की आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नकोस, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाक. चाकांचे सिलिंडर इतकी वर्षं उभ्या गाडीत आतून खड्डे पडलेले असतात. अशा सिलिंडरला नवीन रबर किट घालणं म्हणजे पैसे वाया, महिन्यात पुन्हा गळेल. सिलिंडरच नवे घे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं म्हणून हे खड्डे पडतात, म्हणून पुढेही दर दोन वर्षांनी ते बदल. रबराचे भाग फक्त ब्रेक ऑइलने पूस. डिझेल, पेट्रोल लागलं की ते फुगतात आणि ब्रेक जाम होतात. लोखंडी पाइप सगळे नवे, टोकाला दुहेरी फ्लेअर, म्हणजे पाइपचं टोक उमलवून दुहेरी दुमडलेलं. शुद्ध तांब्याचा पाइप कोणी गळ्यात मारेल, घेऊ नकोस, हादऱ्यांनी तो कडक होऊन चिरतो. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मास्टर सिलिंडर (पायाच्या ब्रेकने ऑइल ढकलणारा) एकाच सर्किटचा असेल तर दोन सर्किटचा बसवता येतो का ते बघ. एक पाइप फुटला तरी निदान दोन चाकं धरतील.

पुढचं चाक जॅकवर घेऊन वरून-खालून धरून हलव. खटखट आली तर बेअरिंग किंवा किंग पिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती). मदतीला कोणाला तरी ब्रेक दाबायला सांग. खटखट थांबली तर बेअरिंग, तशीच राहिली तर किंग पिन. पाट्यांच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळ. जॅकवर असताना आवळलेस तर बुश पिळून फाटतात. यू-बोल्ट पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा आवळावे लागतात.

इंजिन. डिपस्टिक काढून बघ. ऑइल दुधट असेल तर आत पाणी गेलंय, मग काहीही फिरवू नकोस. ठीक असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे प्लग) काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोड, तीन-चार दिवस थांब. मग पुलीच्या नटाला लांब पाना लावून हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरव. अडलं तर जोर नको, मागे घे, पुन्हा ऑइल. गाडी ओढून सुरू करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, अडकलेली रिंग तुटून सिलिंडर ओरखडला जातो. कॉम्प्रेशन मोजायला डिझेलचाच गेज लागतो, पेट्रोलच्या गेजचा काटा टोकाला जाऊन बसेल. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडरमध्ये तो सारखा आहे का हे महत्त्वाचं.

टाकी काढून आतून बघ. तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ असतो. तो तसाच इंजिनाच्या डिझेल पंपात गेला तर सगळ्यात महागडं काम उभं राहतं. हा पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं) दोन्ही डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे तपासायला दे. परत बसवल्यावर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल काढ, मग नोझलचे नट सैल करून स्टार्टर मार. गळती हाताने चाचपू नकोस. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, आणि तो हात सरळ शस्त्रक्रियेचा विषय होतो. पहिल्यांदा सुरू करताना एअर फिल्टर काढलेला ठेव आणि जाड फळी हाताशी ठेव. पंप अडकून इंजिन आपणहून पळायला लागलं तर किल्ली फिरवून ते थांबत नाही, हवेचं तोंड फळीने बंद करावं लागतं. तळहाताने कधीही नाही.

वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असेलच. डकवाडकव न करता संपूर्ण नवं घाल. दोन हेडलाइट म्हणजे सुमारे १० अँपिअर, ते जुन्या स्विचमधून नेण्याऐवजी रिलेतून, म्हणजे जास्त प्रवाह पेलणाऱ्या वेगळ्या स्विचमधून, ने. इंजिन ते चासी आणि बॅटरी ते चासी अशा दोन जाड अर्थच्या पट्ट्या रंग खरवडून बसव. ‘स्टार्टर ओढत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं.

हौद्याचा तळ. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ३ मिमी पत्रा मिळेल. चौरस मीटरला साडेतेवीस किलो, म्हणजे अडीच बाय दीड मीटरच्या हौद्याला जवळपास ९० किलो. मला फळ्या जास्त पसंत. मधे पाच-सहा मिलीमीटर फट ठेव म्हणजे पाणी आणि खत खाली पडेल, आणि फळी व पट्टीमध्ये रबर घाल. पत्राच घालणार असशील तर प्रत्येक कोपऱ्यात १२ मिमीचं निचऱ्याचं भोक पाड.

रंग डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी दहानंतर, पत्र्यावरचं दव पूर्ण उडाल्यावर. घासलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी घे. साधा रेड ऑक्साइड पाणी पितो. तो लावून गाडी पावसात उभी ठेवली तर रंगाखाली गंज तयारच असतो. वरचा रंग साधा इनॅमल पुरे, शेतावरच्या गाडीला तोच शोभतो आणि ओरखडा हाताने दुरुस्त करता येतो. पीयू (पॉलीयुरेथेन) रंग अंगणात फवारायचा नाही, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसं कायमची बिघडवतं आणि साध्या मास्कने ते अडत नाही. चासीच्या बंद पोकळीत शेवटी मेण फवारून घे. जळकं ऑइल मारायची पद्धत आहे, पण ते रबर फुगवतं आणि गळून अंगणातल्या विहिरीत जाईल.

सुटे भाग कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतील, पण जुना भाग हातात घेऊनच जा, फोटोवर आणलेला भाग बहुतेकदा परत न्यावा लागतो.

रविवारी सकाळी आठच्या गाडीने मी ठाण्याहून निघतो, घणसोली स्टेशनवरून रिक्षाने येईन. तोवर हौद्याच्या बोल्टांवर रोज संध्याकाळी तेल मार, चासी नंबरची छाप घेऊन ठेव, आणि शेजारून लांब पाण्याची नळी मागून आण. जॅकवर गाडी असताना खाली शिरायचं नाही, चार पक्के स्टँड मी आणतोय.

तुझा,
बाबा