पांढरीत खड्डे पाडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त तलाठी. पंधरवड्यापूर्वी दोन तरुण घरी आले. ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर पिशवीत होता. म्हणाले, ‘काका, तालुक्यात बेचिराख गावं कोणकोणती?’ ऐकून मला आनंदच झाला. बेचिराख म्हणजे माणसं उठून गेलेलं, उजाड गाव. हा शब्द महसुली दप्तराबाहेर आता कुणाच्या तोंडी नसतो. मग त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. ओढ्याकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, हातभर खोल नऊ खड्डे, कडेला फुटकी खापरं आणि तळहातावर एक शिवराई, म्हणजे शिवकालीन तांब्याचं नाणं. चिंचेनं घासून लख्ख केलेली. ‘श्री राजा शिव’मधलं ‘शिव’ तेवढं वाचता येत होतं. बाकीची अक्षरं घासण्यात गेली.

उजाड गाव हुडकणं मला नोकरीनं शिकवलं. नकाशावर मौजे असतं, शिवार असतं, पण गावठाणात एकही घर नसतं. मग शेजारच्या गावात म्हाताऱ्यांजवळ बसायचं, शेतांची नावं विचारायची. वेशीचा तुकडा, जुनं गावठाण, पांढरी. नांगरट झाली की काळ्या रानात राखट पट्टा उठून दिसतो. ढासळलेल्या भिंतींची माती, चुलीची राख, गोठ्यातलं शेण, सगळं त्यात मुरलेलं. जवळपास एखादा एकटा मारुती आणि बुजलेला आड. कुठलं गाव १८७६ च्या दुष्काळात उठलं, कुठलं प्लेगात, हे सांगणारी माणसं थोडीच उरली आहेत. इतका शोध कुणी घेत असेल तर मी त्याच्याबरोबर उन्हात हिंडायला तयार आहे.

माझी हरकत कुदळीला आहे. आमच्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद हे प्राचीन वस्तीचं ठिकाण आहे, तेही उजाड गावच. १९७४ साली झुडपाचं मूळ खणताना एका भिल्ल मजुराला तिथे बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार धातूच्या वस्तू सापडल्या. वजन मिळून सुमारे ६० किलो. पण त्या शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरात मिळालेल्या नाहीत. म्हणून त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही. त्या मजुराचा काय दोष? तो मूळ काढत होता. आपण मात्र जाणूनबुजून थर उपसतो.

शिवाय १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर सापडलेल्या मालातला आपला हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवणाऱ्याचं नुकसान होत नाही. शासनानं वस्तू घेतलीच, तर तिच्या धातूची किंमत आणि वर त्या किमतीचा पाचवा हिस्सा मिळतो. हे गावोगाव कुणी सांगतच नाही.

आपल्या दैनिकानं तालुकावार बेचिराख गावांची माहिती वाचकांकडून मागवून छापावी, ही विनंती. नावं, आठवणी, मारुतीचे फोटो छापा. पांढरीचा नेमका ठिकाणा मात्र छापू नका. मीही वर तो मुद्दाम दिलेला नाही.

त्या शिवराईबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी दोघांना लिहून दिला आहे. एकानं सही केली. दुसरा अजून आलेला नाही.

आपला,
एक निवृत्त तलाठी, श्रीरामपूर