डोक्याला बसलेला मुका मार

माननीय संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात गंगापूर रोड भागातल्या एका मैदानावर शालेय मुलांचा क्रिकेट सामना पाहत होतो. उंच उडालेल्या झेलासाठी धावणारी दोन मुले एकमेकांवर आदळली आणि त्यांपैकी एकाचे डोके जमिनीवर आपटले. रक्त आले नाही, टेंगूळही नाही; डोक्यावर पाणी ओतून त्याला पुन्हा क्षेत्ररक्षणाला उभे केले गेले. दोन षटकांनंतर ‘आपली बॅटिंग झाली का रे?’ असे तो शेजारच्या मुलाला विचारू लागला, तेव्हा सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण क्रीडाशिक्षक असताना अशी मुले मीही मैदानात परत पाठवलेली आहेत.

डॉक्टर ज्याला कन्कशन म्हणतात तो हाच मेंदूला बसलेला मुका मार. कवटीच्या आत द्रवात असलेला मऊ मेंदू जोराच्या हिसक्याने हिंदकळतो आणि त्याचे काम काही काळ बिघडते. बहुतेकांची शुद्ध मुळीच हरपत नाही, त्यामुळे ‘चक्कर येऊन पडला नाही, म्हणजे काही झाले नाही’ हा आपला ठोकताळा चुकीचा ठरतो. सीटी स्कॅन रक्तस्राव किंवा हाडाची मोड दाखवतो, कन्कशन सहसा दाखवत नाही. तरीही ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून दुसऱ्याच दिवशी मुलाला सरावाला धाडले जाते. डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणे, विसरभोळेपणा, चिडचिड ही लक्षणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही उमटू शकतात. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, बोबडी वळणे किंवा जागे करूनही न उठणे यांपैकी काहीही दिसले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

२०१९ मध्ये लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथ याला उसळता चेंडू लागला. तपासणीनंतर तो पुन्हा फलंदाजीला आला, आणि लक्षणे दिसली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मग त्याच्या जागी त्याच संघातला फलंदाज लाबुशेन खेळला, कारण त्याच महिन्यापासून आयसीसीने (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने) अशा प्रसंगी फलंदाजी-गोलंदाजीही करू शकणारा बदली खेळाडू देण्याची मुभा दिली होती.

हेल्मेटबद्दलही सांगायला हवे. ते कवटी वाचवते, जीवही वाचवते, म्हणून पट्टा आवळूनच घालावे (कॉलेज रोडवर ते बहुधा दुचाकीच्या हँडललाच लटकलेले दिसते, आणि हँडलला डोके नसते). पण आतला मेंदू हिंदकळणे ते पूर्णपणे रोखू शकत नाही. तेव्हा हेल्मेट होते एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला, तर किशोरवयात क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते. म्हणून संशय आला की त्या दिवशी खेळ बंद, पुढचे एक-दोन दिवस शाळा आणि मोबाइलचा ताण कमी, आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने मैदानावर, हीच आज मान्य असलेली पद्धत आहे.

प्रशिक्षकांना हे समजत नाही असे नाही. परंतु साध्या बदली खेळाडूला फलंदाजी करता येत नसल्याने चांगला फलंदाज बाहेर बसवणे संघाला परवडत नाही, आणि मुलगाही जागा जाईल या भीतीने डोके दुखत असल्याचे लपवतो. तेव्हा नाशिकमधील शालेय स्पर्धांच्या आयोजकांनी येत्या हंगामाच्या नियमपत्रिकेत डोक्याला मार लागलेल्या खेळाडूसाठी पूर्ण बदली खेळाडूची तरतूद करावी, आणि मुलाला बाहेर काढण्याचा निर्णय प्रशिक्षकाकडे न ठेवता पंचांकडे द्यावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिक