तिने घातलेल्या शपथेबद्दल

प्रिय मनू,

तुझ्या रूममेटच्या खाण्यापिण्याबद्दलचा तुझा मेसेज वाचला. फोनवर बोलले असते, पण ती तुझ्याच खोलीत राहते, म्हणून सविस्तर लिहिते. वाचून झालं की हे तिच्या हाती लागेल असं ठेवू नकोस.

तिच्या बारीक होण्यापेक्षा तू जाता जाता लिहिलेल्या गोष्टीच मला जास्त खटकल्या. जेवून उठल्या उठल्या बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडणं. सगळ्यांना उकडत असताना हिने स्वेटर घालून बसणं. ताटातला घास या कडेचा त्या कडेला सरकवत राहायचं आणि कोणी विचारलं की "मघाशीच खाल्लं" म्हणायचं. यातलं एकेक सुटं घेतलं तर काहीच नाही. परीक्षेच्या दिवसांत भूक कोणाचीही मरते. पण सगळं एकत्र, तेही काही महिने, म्हणजे दुर्लक्ष करून चालणार नाही. हा खाण्याशी जोडलेला मनाचा आजार (ईटिंग डिसऑर्डर) आहे की नाही, असला तर कोणता, हे डॉक्टर ठरवतील. तो तुझाही प्रांत नाही आणि माझाही.

स्वतः खात नाही, मग रात्र रात्र रेसिपीचे व्हिडिओ कशाला बघते, असं तू विचारलंस. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या संशोधकांनी एका प्रयोगासाठी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. सगळे स्वेच्छेने आलेले, तब्येतीने आणि मनाने ठणठणीत, मुद्दाम पारखून घेतलेले. काही आठवड्यांतच अन्नाशिवाय दुसरा विषय त्यांच्या डोक्यात राहिना. कोणी पाककृतींची पुस्तकं जमवायला लागलं, कोणी एकेक जेवण तास तास पुरवून खाऊ लागलं. थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, माणसं नकोशी झाली. म्हणजे तिचा जो हट्टीपणा, तुटकपणा तुला दिसतो, त्यातला बराचसा उपाशी मेंदूचा असू शकतो. त्या तरुणांना निदान वजन वाढायची धास्ती नव्हती. तिला ती असेल तर "अगं, खा ना जरा" म्हणून काय होणार?

तिच्याशी बोल, पण जेवणाच्या वेळी नको आणि चौघींत तर नकोच. दोघीच असाल तेव्हा जे पाहिलंस तेवढंच सांग. "हल्ली तू आमच्यात असून नसतेस. परवा बाथरूममधून ओकाऱ्यांचा आवाज आला. मला भीती वाटते गं." एवढं पुरे. ती चिडेल, बहुधा नाहीच म्हणेल. वाद घालू नकोस. "बरं, पण मी परत विचारणार आहे," म्हणायचं आणि विषय तिथेच सोडायचा. "किती वाळलीस" हे वाक्य मात्र तोंडातून काढू नकोस, तिला ती शाबासकी वाटू शकते. "आता जरा भरलीस" तर त्याहून वाईट. (भेटल्या भेटल्या दुसऱ्याच्या वजनावर बोलायची लोकांना काय हौस असते, देव जाणे.) आणि तुम्ही मुली खोलीत "आज फार झालं, उद्या डाएट" असं जे बडबडत असता, ते बंद करा. तुमची ती गंमत असते, तिला तो जमाखर्च असतो.

आता शपथ. कोणाला सांगू नकोस म्हणून तिने तुझ्याकडून वचन घेतलं, आणि तू मला सांगितलंस म्हणून तुला चुटपुट लागली आहे. मला विचारशील तर असलं वचन पाळायचं नसतं. ती वाईट आहे म्हणून नव्हे. हा आजार गुपितावरच पोसतो, आणि जितक्या लवकर उपचार सुरू होतील तितके ते लागू पडण्याची शक्यता जास्त. पण तिच्या पाठीमागे काही करू नकोस. तिला आधी सांग, "हे मला एकटीला पेलवत नाही. तुझ्या आईला तू सांगतेस की आपण दोघी सांगू या?" आणि दिवस ठरवून घे, नाहीतर "सांगते, सांगते" करत महिना निघून जाईल. घरातच तिला अंगावरून टोमणे बसत असतील, तर आईचा आग्रह नको. मोठी बहीण, मावशी, कॉलेजमधल्या समुपदेशक, रेक्टरबाई, जिच्यावर तिचा विश्वास असेल ती कोणीही चालेल.

एका बाबतीत मात्र विचारत बसू नकोस. ती चक्कर येऊन पडली, छातीत धडधडतंय म्हणाली, उलटीत रक्त दिसलं, प्यायलेलं पाणीही पोटात ठरेना किंवा जगणं नको असं बोलली, तर त्याच क्षणी रेक्टरना उठवायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. वारंवार उलट्या काढल्या की रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. वरून वजन अगदी बेताचं, नेहमीसारखं दिसत असतानाही हे होतं. तसंच, बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला मायेपोटी एकदम पोटभर भरवणंही धोक्याचं असतं. रक्तातले क्षार कोसळतात. त्यामुळे खाणं कसं, किती वाढवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

उपचार आहेत. आधी रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, मग मानसोपचार आणि आहारतज्ज्ञ. वेळ लागतो, कधी काही वर्षंही जातात, मध्येच पुन्हा घसरतं. तरी पुष्कळ जणी पूर्ण बऱ्या होतात. पुष्कळ जणही, कारण मुलग्यांनाही हा आजार होतो, फक्त तो लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही.

तू तिची पहारेकरीण होऊ नकोस. घास मोजायचे नाहीत, दाराला कान लावायचा नाही. सिनेमा, नोट्स, भांडणं सगळं पूर्वीसारखं चालू दे. तिच्याशी जेवणाखेरीजही बोलणारं कोणीतरी हवंच. आणि यापायी तुझी झोप उडाली असेल तर तेही मला सांग, लपवू नकोस.

तिच्या आईशी काय बोलावं हे सुचत नसेल तर मी बोलेन. पण तिला विचारून, आणि ती हो म्हणाली तरच मला नंबर दे.

तुझी,
आई