देवगिरीला एक तास?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की मुंबईकरांच्या सहलींना ऊत येतो. आमच्या पार्ल्यातल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यानेही यंदा रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडली. सहलवाल्यांनी हातात दिलेल्या कागदावर वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा आणि मधेच कुठेतरी ‘दौलताबाद किल्ला – १ तास’. दौलताबाद म्हणजेच देवगिरी. ज्याच्या नावाच्या गाडीने आलो, त्याच्या वाट्याला तास एकच!

ज्यांचे गुडघे शाबूत, ते धावत सुटले. माझ्याकडे बघून बरोबरचा मुलगा म्हणाला, “आजी, तुम्ही खालीच बसा. खाली तसं बघण्यासारखं काही नाही, पण सावली आहे.” आजी म्हटल्याचा राग नाही (थोडा आहे). हे पत्र त्याच्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे.

खाली अख्खं शहर आहे हो! आपल्या डोळ्यांना सह्याद्रीतल्या गडांची सवय. डोंगर दिसला की तोच किल्ला, पायथ्याचं सगळं म्हणजे वाट. देवगिरी तशी नाही. सर्वांत बाहेर अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, त्याच्या आत डोंगराला बिलगलेला काळाकोट. वस्ती, बाजार, महाल, तलाव हे सगळं या तटांच्या आत होतं. यादवांची ही राजधानी १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने लुटली, ती याच सपाटीवर. आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी आणली, तीही डोंगराच्या टोकावर नव्हे, इथेच. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी इथे येऊन गेला. बालेकिल्ल्याच्या कोठडीतले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आम्हाला तिथे दिसली ती मांजरंच, तीही सुस्त.

वाटेच्या दोन्ही बाजूंना घरांचे चौथरे आणि भिंतींचे पाये आहेत. पुढे एवढा मोठा हौद, की काठावर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न पडतो, हा भरायचे कशाने? आजूबाजूच्या डोंगरांतलं पाणी खापराच्या नळांनी शहरात आणलेलं होतं. तानसा-भातसाच्या पाण्यावर जगणाऱ्या आम्हा मुंबईकरांना तोफेपेक्षा याचं अप्रूप वाटायला हवं. हौदाजवळच आज भारतमातेचं मंदिर म्हणून ओळखली जाणारी जुनी मशीद आहे, तिथे मोडलेल्या देवळांचे खांब उभे आहेत. समोर बहमनी काळातला चांदमिनार, ६० मीटरांहून उंच. इतिहासाची इतकी पानं एका नजरेत मावतात आणि आम्हाला तिथे ‘काही नाही’.

हळूहळू पायऱ्या चढत मी चिनी महालापर्यंत गेले. निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे भिंतीवर अजून चिकटून आहेत. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने तिथल्या शेवटच्या सुलतानाला, अबुल हसन तानाशाहला, इथेच कैदेत ठेवलं. महालाच्या पुढे खंदक, तासून गुळगुळीत केलेला कडा आणि ती प्रसिद्ध अंधारवाट, अंधेरी. परत आलेल्यांपैकी एकाने विनोद केलाच, “पार्ल्यानंतर अंधेरी, बरोबर लागली!”

पण त्यांच्यापैकीही बहुतेकजण वरच्या बारादरी महालापासूनच मागे फिरले, कारण खालून फोनवर फोन. शिखराकडच्या जनार्दनस्वामींच्या गुहेपर्यंत एकही पोचला नाही. निजामशाहीत या गडाची किल्लेदारी सांभाळणारे जनार्दनस्वामी हे नाथांचे गुरू. पैठणहून आलेल्या एकनाथांनी गुरुसेवा केली ती याच गडावर. आमच्या कट्ट्यातले निम्मे लोक भजनात ‘एका जनार्दनी’ म्हणताना डोळे मिटतात. त्यातला जनार्दन तिथे दोन-तीनशे पायऱ्यांवर होता आणि आम्ही घड्याळ बघत परतलो. माझं सोडा, मला ती चढण झेपलीच नसती.

सहली काढणाऱ्यांना विनंती आहे की, देवगिरीला निदान अर्धा दिवस द्या आणि ऊन चढण्याआधी, सकाळी दार उघडतानाच माणसांना तिथे न्या. मकबरा संध्याकाळी बघता येतो. चढणाऱ्यांबरोबर एक माहीतगार जातो, तसा न चढणाऱ्यांसाठीही एक ठेवा. किल्ल्याची देखभाल करणाऱ्यांना एवढंच सुचवते की, आतल्या जुन्या शहराचा मोठा नकाशा मराठीत दाराशीच लावला आणि वाटेत चार बाकं टाकली, तर आमच्यासारख्यांना ‘खाली’ काय आहे ते कळेल.

बाहेर सीताफळं आणि पेरू घ्यायला मात्र सहलवाल्यांनी पुरती वीस मिनिटं दिली.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई