लिस्बनला जाण्यापूर्वी

संपादक महोदय,

पोर्तुगालच्या प्रवासाची आखणी करताना बहुतेक जण आधी विमानाची तिकिटे पाहतात. माझ्या मते सुरुवात १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपापासून करावी. त्या सकाळी लिस्बन कोसळले, पाठोपाठ समुद्राच्या लाटा आणि आग आली, आणि कार्मो मठाच्या चर्चला आजही छप्पर नाही, उघड्या आभाळाखाली नुसत्या दगडी कमानी उभ्या आहेत. हे ठाऊक असले, की तेव्हाचा मंत्री पोंबाल याने नव्याने उभारलेल्या बायशा भागातील सरळ रस्ते आणि भूकंपाचे धक्के सोसण्यासाठी तिथल्या भिंतींत दडवलेले लाकडी सांगाडे यांकडे पाहण्याची नजरच बदलते. पोर्तुगालसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा वाचायला पुरेसा अवधी मिळतो. अशा शहराला निदान चार दिवस तरी द्यावेत.

– एक वाचक